जेड : मूर्तीपासून आकड्यापर्यंत

हान साम्राज्य २२० मध्ये कोसळले. सुई घराण्याने चीन पुन्हा एकत्र केला तो ५८९ मध्ये. मधल्या धामधुमीच्या काळातल्या, जेड हा मौल्यवान दगड आणि मूर्ती यांविषयीच्या काही नोंदी :

▪ छिन्नी चालत नाही : नेफ्राइट जेडची कठिणता ६ ते ६.५, म्हणजे साध्या पोलादी सुरीपेक्षा जास्त. म्हणून जेड ‘कोरत’ नाहीत. ओली, कणखर वाळू लावून घासत घासत आकार देतात.

▪ शवाचा पोशाख : हान राजपुत्र लिऊ शंगच्या थडग्यात १९६८ मध्ये सापडलेल्या पोशाखात जेडचे २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने शिवलेले होते. त्या तारेसाठी चोर असे पोशाख जाळत. वेई सम्राट त्साव फीने २२२ मध्ये मृताला असा पोशाख घालून पुरण्याची प्रथाच बंद केली.

▪ आधी तोडफोड, मग लेणी : उत्तर वेई सम्राट थायवूने ४४६ मध्ये बौद्ध मूर्ती फोडण्याचा हुकूम काढला. त्याच घराण्याने ४६० च्या सुमारास युनकांगची लेणी खोदायला घेतली. तिथे आज ५१,००० हून अधिक मूर्ती आहेत, त्या मात्र वालुकाश्मातल्या.

▪ मूर्तीचे दागिने : सिंहलच्या (आजच्या श्रीलंकेच्या) राजाने पाठवलेली चार चिनी फूट दोन इंच उंचीची जेडची बुद्धमूर्ती दहा वर्षांच्या प्रवासानंतर चीनला पोहोचली. आजच्या नानजिंगमधल्या वाग्वान मंदिरात ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या होती. दक्षिण छी घराण्याच्या तरुण सम्राटाने (कारकीर्द ४९८–५०१) आधी तिचा हात कापला, मग धड. लाडक्या फान राणीसाठी त्यातून केसांचे आकडे आणि कंकणे घडवली गेली.