सात विरुद्ध दोन

नाशिकचं विजयानंद नाट्यगृह, २१ डिसेंबर १९०९. खेळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चा. बदली झालेला कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या खेळाला आला आणि तरुण अनंत कान्हेरेनं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे फासावर गेले, हे नाशिककरांना पाठच असतं. मला मात्र कुतूहल आहे ते मधल्या चार महिन्यांचं. खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, तीन न्यायाधीशांच्या खास पीठापुढे. ज्युरी नव्हतीच!

एरवी तिथे नऊ जणांची ज्युरी बसे. आदल्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, ती टिळकांसाठी बसली होती: सात युरोपियन, दोन पारशी. रात्री उशिरा कौल आला. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. न्यायमूर्ती दावरांनी सातांचं मानलं आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

आता गंमत बघा. तेव्हा खुद्द इंग्लंडात बारा ज्यूरर लागत, आणि बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय कौलच देता येत नसे. तिथे दोघं अडून बसते तर टिळकांना त्या दिवशी दोषी ठरवताच आलं नसतं! (इंग्लंडनं बारात दहांचा कौल मान्य केला तो १९६७ साली.) राजा तोच, पण समुद्र ओलांडला की हिशेब बदलत होता. मुंबईत नवांपैकी सहा आणि न्यायाधीशाची संमती एवढं पुरे. एवढं सोपं असूनही डिसेंबर १९०८ मध्ये सरकारनं कायदाच असा केला, की क्रांतिकारकांच्या खटल्यात ज्युरीची भानगडच नको. वर्षभरानं नाशिक त्याच कायद्याच्या कचाट्यात सापडलं. नाशिक कटाच्या खटल्यात सावरकरांनाही ज्युरी मिळाली नाही.

पुढे १९५९ साली मुंबईतच खुनाचा आरोप असलेल्या कमांडर नानावटींना ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशाला ते पटेना, त्यानं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि जन्मठेप झाली. हा आपला शेवटचा ज्युरी खटला, असं सर्रास सांगतात. तसं नाही, ज्युरी कायद्यातून गेली ती १९७३ च्या फौजदारी संहितेनं.

ज्युरी मोडीत काढणारे आपण एकटेच नाही. जपाननंही १९४३ साली ती गुंडाळून ठेवली होती. २००९ पासून मात्र गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीशांच्या शेजारी सहा साधी माणसं बसतात, कुणी गृहिणी, कुणी दुकानदार, आणि शिक्षा किती द्यायची हेही सगळे मिळून ठरवतात. आपल्या जुन्या ज्युरीला हा शिक्षेचा अधिकार नव्हता.

आपल्याकडे काहीच उरलं नाही म्हणावं, तर मुंबईत पारशी जोडप्याचा घटस्फोटाचा दावा उभा राहतो. १९३६ च्या कायद्यानं तिथे आजही न्यायाधीशाबरोबर पाच पारशी प्रतिनिधी बसतात, आणि नवरा-बायकोतलं खरं-खोटं तेच ठरवतात.