वादळानंतरचे चौदा दिवस

वेस्ट इंडीज नावाचा देश नकाशावर नाही, हे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अनेक बेटं, अनेक सरकारं आणि संघ मात्र एक. कॅरिबियन समुद्रातल्या या चिमुकल्या देशांना एकत्र येण्याची सवय जुनी आहे. १९४८पासून त्यांचं विद्यापीठ सामाईक आहे. १९८३पासून पूर्वेकडच्या आठ प्रदेशांची मध्यवर्ती बँक एकच आहे आणि डॉलरही एकच. वादळाचा विमा एकत्र काढायचा, हे शहाणपण यायला मात्र २००४ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला आयव्हन चक्रीवादळ ग्रेनेडावर आदळलं. १९५५च्या जॅनेटनंतर या बेटाला मोठा तडाखा बसला नव्हता. वादळं आपल्या उत्तरेकडून जातात, असं तिथे जवळजवळ गृहीत धरलेलं. आयव्हनने दहापैकी नऊ घरांची मोडतोड केली. पंतप्रधान कीथ मिचेल यांचं निवासस्थानही वाचलं नाही, त्यांना ब्रिटिश युद्धनौकेवर आसरा घ्यावा लागला. जायफळाच्या उत्पादनात ग्रेनेडाचा जगात इंडोनेशियाखालोखाल नंबर होता. त्या बागा आडव्या झाल्या, आणि जायफळाचं झाड काही वर्षा-दोन वर्षांत फळाला येत नाही. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट भरलं.

हा ‘दुप्पट’ आकडा आपल्याला सहज उमगत नाही. २०१९ साली कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, तेव्हा मुंबई-पुण्याचा कर राज्याच्या तिजोरीत जमा होतच होता. ग्रेनेडाला दुसरा जिल्हाच नाही. वादळ येतं ते सगळ्या देशावर, आणि मदत करायची ती तिजोरी त्याच दिवशी आटते. शिक्षकांचे, पोलिसांचे पगार कशातून द्यायचे, रस्त्यावरची झाडं उचलणाऱ्या ट्रकमध्ये डिझेल कुठल्या पैशाने भरायचं, इथपासून सुरुवात. परदेशी मदत जाहीर होते ती लगेच, हातात पडायला मात्र महिने जातात.

म्हणून कॅरिकॉम या प्रादेशिक संघटनेच्या नेत्यांनी जागतिक बँकेला साकडं घातलं. जपानने आखणीसाठी पैसा दिला. कॅनडा, युरोपीय संघ, ब्रिटन, फ्रान्स अशांनी भांडवलाला हातभार लावला. १६ सरकारांनी आपापला हप्ता भरला आणि २००७च्या जूनमध्ये, वादळांचा हंगाम सुरू होताना, ‘सीसीआरआयएफ’ हा आपत्ती विमा निधी उभा राहिला. अनेक देशांनी मिळून जोखीम वाटून घेण्याचा जगातला हा पहिलाच निधी. सगळ्या बेटांवर एकाच वर्षी संकट येत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. एकेकट्याने पुनर्विम्याच्या बाजारात जाण्यापेक्षा गठ्ठ्याने गेलं की हप्ता बराच कमी बसतो. 

या विम्यात पंचनामा नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग, भूकंपाची तीव्रता हे आकडे गणितात घालायचे. आधी ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की १४ दिवसांत पैसे द्यायचे. आपल्याकडे हवामानावर आधारित फळपीक विमा घेणाऱ्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हा प्रकार नवा नाही, ‘ट्रिगर’ हा शब्द त्यांच्या तोंडी असतोच. आणि त्यातली मेखही ते जाणतात. बाग डोळ्यांदेखत गेलेली असते, पण मंडळातलं हवामान केंद्र म्हणतं, काही झालंच नाही.

निधीला ही मेख पहिल्याच हंगामात टोचली. ऑगस्ट २००७मध्ये डीन वादळाने जमैकाची दाणादाण उडवली, तरी जमैकाला निधीकडून छदामही मिळाला नाही, कारण आकडे मर्यादेपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्याच नोव्हेंबरात झालेल्या भूकंपाबद्दल मात्र डोमिनिका आणि सेंट लुशिया यांना मिळून दहा लाख डॉलरच्या आत-बाहेर रक्कम मिळाली. निधीची पहिली भरपाई अशी वादळाची नव्हतीच! माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास तिने दिलेल्या पैशांपेक्षा न दिलेल्या पैशांतून जास्त कळतो. प्रत्येक नकारानंतर राजधान्यांतून ओरड झाली आणि गणित पुन्हा मांडावं लागलं. २०१३च्या नाताळात सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, डोमिनिका इथे पावसाने हाहाकार केला, पण ते चक्रीवादळ नव्हतं, त्यामुळे वाऱ्याच्या पॉलिसीत ते बसणारच नव्हतं. अतिवृष्टीची वेगळी पॉलिसी आली, तिची पहिली भरपाई २०१४ साली अँग्विलाला मिळाली. पुढे २०१९मध्ये ग्रेनेडा आणि सेंट लुशियातल्या मच्छीमारांसाठीही एक पॉलिसी निघाली. दरम्यान मध्य अमेरिकेतले देशही निधीत येऊ लागले, २०१५ साली पहिला निकाराग्वा.

पैशाच्या वेळेला किती किंमत असते, हे हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली. निधीने १४ दिवसांत ७७.५ लाख डॉलर दिले, म्हणजे हप्त्याच्या सुमारे वीसपट. शेकडो कोटींच्या नुकसानीपुढे ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. पण पहिल्या दहा आठवड्यांत हैती सरकारच्या हातात थेट पडलेल्या मदतीपैकी जवळपास निम्मा पैसा हाच होता. बाकी जग परिषदा भरवत होतं.

दुसरी बाजू डोमिनिकाने दाखवली. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया चक्रीवादळाने एका रात्रीत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के नुकसान केलं. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट आपल्या घराचं छप्पर उडाल्याचं फेसबुकवर लिहीत होते. निधीने १.९३ कोटी डॉलर दिले आणि नुकसान होतं १३० कोटींच्या घरातलं. यात दोष निधीचा नाही. जेवढा हप्ता, तेवढं संरक्षण. पण शांत गेलेल्या वर्षानंतर संसदेत उभं राहून ‘हप्ता वाढवतो’ म्हणायला कुठलाही अर्थमंत्री धजावत नाही. दवाखान्यातली औषधं दिसतात, न आलेलं वादळ दिसत नाही.

म्हणून गेल्या दहा वर्षांत एकट्या विम्यावर भिस्त ठेवणं मागे पडलं. ग्रेनेडाने २०१५ साली कर्जाची फेररचना करताना सावकारांकडून एक कलम मान्य करून घेतलं. मोठं वादळ आलं तर हप्ते काही काळ थांबणार. १ जुलै २०२४ला बेरिल चक्रीवादळाने ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर घाला घातला, तेव्हा ते कलम वापरण्यात आलं. जोडीला निधीने चक्रीवादळाच्या पॉलिसीचे चार कोटींहून अधिक डॉलर दिले. आयव्हनच्या वेळी याच देशाकडे यातलं काहीच नव्हतं.

जमैकाने आपत्ती रोखे काढले. गुंतवणूकदार व्याज घेतात आणि ठरलेलं संकट आलं तर मुद्दल सोडतात. बेरिलच्या वेळी हवेचा दाब पुरेसा खाली गेला नाही म्हणून या रोख्यांतून काही मिळालं नाही आणि टीका झाली. २८ ऑक्टोबर २०२५ला ताशी २९५ किलोमीटरच्या वाऱ्यानिशी मेलिसा चक्रीवादळ जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आलं, तेव्हा मात्र रोख्यांचे पूर्ण १५ कोटी डॉलर मिळाले. निधीकडून नऊ कोटींहून अधिक आले. प्रत्यक्ष हानीचा अंदाज होता ८८० कोटींचा. म्हणजे या दोन तरतुदींनी मिळून भरून निघाले शंभरातले जेमतेम तीन. बाकीच्यासाठी जागतिक बँक, नाणेनिधी आणि कॅरिबियन विकास बँक यांच्याशी बोलणी सुरू झाली, आणि त्यांनी पुढे केलेला पैसा मुख्यतः कर्जाचाच आहे.