सर्व्हर निपचित पडला, तरी ‘ओके’ उमटतो

जुन्नर-आंबेगाव परिसरातील खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या असून, नियंत्रण कक्षातून प्रकाशीय तंतूंद्वारे त्यांना आज्ञा दिल्या जातात. अशा कामांत संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीमच कोलमडली, तर नेटवर्कवरून सर्व्हर गाठता येत नाही. तरीही एक दरवाजा उघडा असतो : फर्मवेअरचा कमांड प्रॉम्प्ट.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच साठविलेली आज्ञावली. वीज मिळताच ती यंत्रभाग तपासते आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमला पाचारण करते. ‘सन’ कंपनीच्या (२०१० पासून ओरॅकलच्या) स्पार्क सर्व्हरमधील ‘ओपनबूट’ हे तिचे ठळक उदाहरण. विशेष म्हणजे ओपनबूट ज्या ‘फोर्थ’ भाषेवर उभे आहे, ती चार्ल्स मूर यांनी घडविली आणि १९७०च्या दशकारंभी अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी वापरली.

प्रॉम्प्ट कसा गाठावा?

सर्व्हरच्या सिरियल पोर्टला टर्मिनल किंवा लॅपटॉप जोडावा. वेग सामान्यतः ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १ असा ठेवावा. सिस्टीम चालू असेल, तर प्रशासकाने ‘इनिट ०’ ही आज्ञा द्यावी. कामे रीतसर थांबून ‘ओके’ प्रॉम्प्ट येतो. सिस्टीम प्रतिसादच देत नसेल, तर टर्मिनलवरून ‘ब्रेक’ संकेत पाठवावा. सनचा कीबोर्ड असल्यास ‘स्टॉप’ आणि ‘ए’ या कळा एकत्र दाबाव्यात.

येथून ‘बूट सीडीरॉम -एस’ या आज्ञेने सीडीवरून सिस्टीम एकल-वापरकर्ता अवस्थेत सुरू करून बिघडलेली फाइल-व्यवस्था दुरुस्त करता येते. ‘प्रोब-स्कझी-ऑल’ जोडलेल्या डिस्क दाखविते. मात्र ‘ब्रेक’नंतर ती थेट दिल्यास यंत्र अडकू शकते. त्यासाठी आधी ‘ऑटो-बूट?’ हा पर्याय ‘फॉल्स’ करून ‘रीसेट-ऑल’ द्यावे. काम संपल्यावर तो पुन्हा ‘ट्रू’ करावा.

सावधगिरी हवीच

‘ब्रेक’ने चालू सिस्टीम जागच्या जागी थबकते. डिस्कवर न लिहिली गेलेली माहिती गमावण्याचा धोका त्यामुळे संभवतो. ‘ब्रेक’ चुकून गेला असेल, तर ‘गो’ ही आज्ञा काम पुढे सुरू करते. टर्मिनलची वीज बंद झाल्यानेही काही वेळा असा संकेत जातो, हे ध्यानात ठेवावे.

या प्रॉम्प्टवर बसणाऱ्याच्या हाती सर्व्हरची सारी सूत्रे येतात. म्हणूनच फर्मवेअरला पासवर्ड आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप असणे अगत्याचे ठरते.