चक्कर आली, तर एवढं नक्की बघा

मैत्रिणींनो, भांगलताना किंवा चुलीपुढनं उठताना घेरी आली की आपण म्हणतो, "उपास होता", "पित्त झालं असेल". बऱ्याचदा ते खरंही असतं. अंगात रक्त कमी असलं, पोटात अन्न नसलं, झटकन उभं राहिलं तरी अंधारी येते. कूस बदलताच घर गरगर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, तेव्हा दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. त्यावर उपचार आहेत, दवाखान्यात दाखवा.

पण एक चक्कर वेगळी असते. शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. त्याला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. पाइपात गाळ साचला की टोकाच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसंच इथं होतं. वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू आणि आपली रोजची मिश्री यांनी रक्तवाहिन्या खराब होतात, अरुंद होतात, कधी त्यांत गुठळी अडकते. हाही लकव्याचाच प्रकार. फक्त दर वेळी हातपाय लुळे पडत नाहीत, म्हणून तो ओळखू येत नाही.

अचानक चक्कर आली आणि सोबत यातलं एक जरी दिसलं, तर थांबू नका:

• एकाचे दोन दिसणं, अचानक कमी दिसणं
• जीभ जड होणं, घोट गिळता न येणं
• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा लुळा पडणं
• आधाराशिवाय उभं राहता न येणं
• कधी नव्हे एवढं डोकं किंवा मान दुखणं

बीपी-साखर असलेल्या बाईची चक्कर थांबतच नसेल, तर एवढ्यावरही लगेच न्या.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन पाहून. जतच्या पूर्व भागातून मिरजेला, पाटणच्या वरच्या वाड्यांतून कराडला पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून कांदा हुंगवत, नजर उतरवत बसू नका. १०८ ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. बाईला कुशीवर झोपवा. चहा, पाणी, गोळी काही तोंडात घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी न्याच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. उपकेंद्रात बीपी तपासून मिळतं. पुढच्या मासिक बैठकीला आशाताईंना बोलवा, बचतीच्या हिशोबाबरोबर प्रत्येकीचं बीपी कधी तपासलं तेही विचारा. आणि मिश्रीची डबी? ती सोडायची सुरुवात गटानं मिळून केली, तर एकटीला जड जाणार नाही.