कंटेनर-संयोजन आणि वेब-प्रॉक्सी : बोलीसंग्रहाच्या दृष्टीने मुक्तस्रोत साधनांचा तौलनिक विचार

भाषिक सामग्री गोळा करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती अभ्यासकांना दीर्घकाळ उपलब्ध ठेवणे महत्त्वाचे आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या बोली-सर्वेक्षणाची सामग्रीही जालावर आहे. अशा संग्रहांच्या पाठीशी जी यंत्रणा असू शकते, तिच्यातील दोन घटकांची, म्हणजे कंटेनरांचे संयोजन करणाऱ्या व वेब-प्रॉक्सी म्हणून काम करणाऱ्या मुक्तस्रोत साधनांची तुलना करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण कल्पिणे सोयीचे होईल. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट हे पैनगंगेच्या काठचे गाव. तेथे वऱ्हाडीच्या शेजारी उर्दूही नांदते. तेथील वृद्ध भाषकांची ध्वनिमुद्रणे एखाद्या विभागाने जालावर ठेवावयाची ठरविली, तर ध्वनिमुद्रणे पुरविणारी, लिप्यंतरांत शब्द शोधणारी, नकाशा दाखविणारी व नोंदी साठविणारी अशा निदान चार आज्ञावल्या लागतील. प्रत्येकीच्या गरजा वेगळ्या असतात, आणि एकीसाठी केलेला बदल दुसरीला बाधतो.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे कंटेनर. त्यात आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहाय्यक संग्रह एकत्र बांधलेले असतात. आभासी संगणकाप्रमाणे त्यात स्वतंत्र कार्यप्रणाली नसते. लिनक्सचा एकच गाभा सर्वांना सामाईक असतो, म्हणून तो हलका असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डॉकरमुळे ही पद्धत रूढ झाली. भाषाभ्यासकाला तिचा एक विशेष उपयोग आहे. लिनक्समधील मूलभूत सी-संग्रहाच्या २०१८ सालच्या २.२८ या आवृत्तीत वर्णानुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या अनुक्रमाने बांधलेली सूची नव्या नियमांनी शोधू गेल्यास, संग्रहात असलेला शब्दही न सापडण्याचा संभव असतो. कंटेनरात संग्रहाची आवृत्ती निश्चित केलेली असल्यामुळे असा बदल नकळत होत नाही.

कंटेनर अनेक झाले आणि संगणकही अनेक झाले, म्हणजे संयोजकाची गरज भासते. इष्ट स्थिती लिहून द्यावयाची आणि प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी सतत जुळवीत राहण्याचे काम संयोजकाने करावयाचे, हे त्याचे मूळ तत्त्व. या वर्गातील प्रमुख साधन कुबरनेटिस होय. सुकाणू धरणारा या अर्थाचा हा ग्रीक शब्द. ‘सायबरनेटिक्स’ही त्याच धातूतून आलेला. गूगलने बोर्ग या अंतर्गत यंत्रणेच्या अनुभवावरून ते २०१४ साली जाहीर केले. त्याची शक्ती मोठी, तसाच त्याचा संभारही मोठा. त्याचे अभिलेख राखणारा एट्सीडी हा घटक बहुमताने चालतो. एक संगणक बंद पडला तरी काम चालावे, असे वाटत असेल तर निदान तीन संगणक ठेवावे लागतात. २०१९ पासून उपलब्ध असलेला के-थ्री-एस हा त्याचाच आटोपशीर अवतार असून तो एका संगणकावरही चालतो. डॉकरमध्ये २०१६ साली अंतर्भूत झालेली स्वॉर्म पद्धती शिकण्यास सोपी, परंतु तिचा विस्तार मर्यादित. नोमॅड हे २०१५ सालचे साधनही सुटसुटीत होते. तथापि २०२३ साली त्याचा परवाना बदलल्यामुळे त्याच्या नव्या आवृत्त्यांना काटेकोर अर्थाने मुक्तस्रोत म्हणता येत नाही.

प्रॉक्सीचे कार्य निराळे. येथे अभिप्रेत असलेली ‘उलट’ प्रॉक्सी वाचकाची नव्हे, तर सेवेची प्रतिनिधी असते. वाचकाची विनंती प्रथम तिच्याकडे येते, ती योग्य कंटेनराकडे पाठविते आणि आलेले उत्तर वाचकाला देते. इगोर सिसोएव यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले एंजिनेक्स थोड्या स्मृतीत सहस्रावधी जोडण्या सांभाळते व फायलीही स्वतः पुरविते. ध्वनिमुद्रणाचा मागितलेला तेवढाच अंश ते पाठवू शकते. मंद जोडणीवरील भ्रमणध्वनीवरून ऐकणाऱ्याला याचे मोल फार. विली टारो यांचे २००१ सालचे एचए-प्रॉक्सी भारवाटप व सेवांची प्रकृतितपासणी यांत निष्णात आहे, मात्र फायली पुरविणे हे त्याचे क्षेत्र नव्हे. कॅडी सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे आपण होऊन मिळविते व वेळेवर नवी करते. ट्रॅफिक संयोजकाकडूनच कंटेनरांचा ठावठिकाणा घेते. के-थ्री-एसबरोबर ते मुळातच येते. लिफ्ट या कंपनीने २०१६ साली खुले केलेले एन्व्हॉय शेकडो सेवांच्या परस्पर-व्यवहारासाठी योग्य; लहान संग्रहाला त्याचे प्रयोजन नाही.

या तुलनेत गुणांइतकाच देखभालीचाही विचार करणे अवश्य आहे. कुबरनेटिसमध्ये बाहेरील विनंत्या आत घेणारा ‘इन्ग्रेस-एंजिनेक्स’ हा घटक अत्यंत प्रचलित होता. मूळ एंजिनेक्सहून तो वेगळा प्रकल्प. त्याची देखभाल दीर्घकाळ एकदोन व्यक्ती फावल्या वेळात करीत होत्या; अखेरीस मार्च २०२६ नंतर ती होणार नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. साधन मुक्त असले म्हणजे ते चिरस्थायी असते, ही समजूत भ्रामक आहे. जी गोष्ट साधनाची, तीच ते वापरणाऱ्या विभागाची. जटिल यंत्रणा उभारणारा संशोधक पदवी घेऊन गेला आणि मागे ती जाणणारे कोणी उरले नाही, तर संकेतस्थळ मुके होण्यास विलंब लागत नाही.

आणखी एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. बंद पडलेला कंटेनर संयोजक पुन्हा सुरू करतो. नष्ट झालेले ध्वनिमुद्रण तो परत आणू शकत नाही. देऊळघाटचा वृद्ध भाषक हयात नसेल, तर ती हानी कायमची. म्हणून मूळ मुद्रणांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि त्या वाचता येतात की नाही हे नियमाने पडताळणे, ही कामे संयोजकाच्या निवडीपूर्वीची होत.

सारांश, एकाच संगणकावरील संग्रहासाठी डॉकरची कंपोझ ही साधी जुळणी व तिच्यापुढे एंजिनेक्स किंवा कॅडी पुरेसे आहे. दोनतीन संगणक असतील तेथे स्वॉर्म अथवा के-थ्री-एस यांचा विचार व्हावा. संपूर्ण कुबरनेटिस अनेक विभागांनी मिळून, स्थायी तंत्रज्ञ नेमूनच स्वीकारावे. विभागातील निदान दोघांना दुरुस्त करता येईल आणि जिची रीत मराठीत लिहून ठेवता येईल, तीच यंत्रणा त्या विभागापुरती श्रेष्ठ समजावी.