मुंबई–पुणे : अंतर नेमकं किती?

मुंबईहून पुणं किती लांब, असं चारचौघांत विचारा. कोणी १२० किलोमीटर सांगेल, कोणी १५०, तर रेल्वेचा माणूस १९२ सांगेल. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतील.

पहिला आकडा हवाई अंतराचा. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब करून त्यांच्यामधली सर्वांत आखूड रेषा मोजायची. पुणं मुंबईच्या किंचित दक्षिणेला आणि जवळजवळ एक रेखांश पूर्वेला आहे. आपल्या अक्षांशावर एक रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, म्हणून उत्तर १२०च्या आसपास येतं. या रेषेवरून नाकासमोर कोणीच जात नाही, अगदी विमानसुद्धा. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वर्षाचा बराच काळ विमानं पश्चिमेकडे, समुद्रावर उड्डाण करतात. म्हणजे पूर्वेच्या पुण्याला निघालेलं विमानही आधी पाठ फिरवतं आणि मग वळतं.

जमिनीवर आलं की सह्याद्री आडवा येतो. कोकणातून दख्खनच्या पठारावर चढायचं म्हणजे बोरघाटात पाचशे मीटरहून अधिक उंची गाठायची. गाडीरस्ता या घाटातून १८३० साली खुला झाला. द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याची लांबी ९४.५ किलोमीटर, पण ती कळंबोली ते किवळे. हा आकडा ‘मुंबई–पुणे’ म्हणून सांगणारे दोन्ही टोकांची शहरं विसरतात. एकट्या मुंबईतच कुलाबा आणि दहिसर यांच्यात पस्तीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे! म्हणून मध्यवस्तीतून मध्यवस्तीत मोजलं, तर रस्ता साधारण १५० किलोमीटरचा भरतो. खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’ची आखणी झाली तीही घाटातली वळणं टाळून सहा किलोमीटर वाचवण्यासाठी.

रेल्वेचा वळसा सर्वांत मोठा. गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ईशान्येला ५४ किलोमीटरवरच्या कल्याणला जाते, तिथून दक्षिणेकडे वळून शंभराव्या किलोमीटरला कर्जत गाठते. पुढचा लोणावळ्यापर्यंतचा २८ किलोमीटरचा टप्पा म्हणजे घाट. तिथे चढ ३७ मीटरला एक मीटर. म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं, म्हणजेच ‘बँकर’ जोडतात. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा घाटातला रूळ तयार नव्हता. खोपोली ते खंडाळा हा टप्पा प्रवासी पालखीत किंवा तट्टावर बसून पार करीत. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि मुंबई–पुणे सलग जोडले गेले.

समुद्र मध्ये आला की फरक आणखी वाढतो. गेटवे ऑफ इंडियापासून अलिबाग सरळ रेषेत जेमतेम ३० किलोमीटर. पनवेल-पेणवरून रस्त्यानं जायचं तर त्याच्या सुमारे तिप्पट. लाँचनं मांडव्याला उतरणारे प्रवासी हा हिशेब पक्का ओळखून असतात.

तेव्हा प्रवासाचा बेत आखताना नुसत्या आकड्यावर विसंबू नका. तो कुठून कुठपर्यंतचा, कोणत्या वाटेचा, हे आधी विचारा. हवाई अंतर नकाशा समजायला उपयोगी आहे. पेट्रोलचा आणि वेळेचा हिशेब मात्र रस्त्याच्या अंतरावरच करा, आणि मध्ये घाट असेल तर हातात तासभर जादा ठेवा.