वाऱ्यासाठी मोकळं पाणी

क्रिकेटमुळे २६ डिसेंबर म्हटलं की आपल्याला मेलबर्न आठवतं. बॉक्सिंग डे कसोटीचं पहिलं सत्र संपून खेळाडू तिथे जेवायला आत गेलेले असतात आणि आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच वेळी, म्हणजे तिथल्या दुपारी बरोबर एक वाजता, सिडनीच्या बंदरात तोफ उडते आणि शंभरेक शिडाच्या बोटी होबार्टची वाट धरतात. पल्ला ६२८ सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ११६० किलोमीटरचा. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा धरून दक्षिणेला जायचं आणि बासची सामुद्रधुनी ओलांडून टास्मानिया गाठायचं. १९४५ साली पहिल्या शर्यतीत ९ बोटी होत्या. १९९४ च्या पन्नासाव्या शर्यतीला ३७१ निघाल्या.

पण जितक्या बोटी होबार्टला निघतात त्याच्या कितीतरी पट नुसत्या बघायला येतात. खासगी यॉट, मासेमारीच्या छोट्या होड्या, भाड्याच्या लाँच, प्रवाशांनी भरलेल्या फेऱ्या. शर्यतीची सुरुवातीची रेषा शार्क आयलंडच्या उत्तरेला असते. तिथून बंदराच्या तोंडापर्यंत, ज्याला सगळे ‘हेड्स’ म्हणतात, अंतर सुमारे दोन सागरी मैल. वाटेत ‘सो अँड पिग्ज’ हा खडकांचा पट्टा. एरवी याच पाण्यातून मॅनलीची फेरी ये-जा करते आणि पर्यटकांची अवाढव्य जहाजं आत-बाहेर करतात. त्या दुपारी मात्र मधला मोठा भाग पिवळे बोये टाकून बंद केला जातो. शर्यतीत नसलेल्या बोटीने आत यायचं नाही. आजूबाजूच्या पाण्यातही वेग आवरायचा, मागे लाटा उठवायच्या नाहीत.

हे बंद करणं मॅरेथॉनसाठी रस्ता बंद करण्यापेक्षा फार अवघड असतं. धावणारा कुठून जाणार हे ठरलेलं असतं, बॅरिकेड लावले की काम झालं. शिडाच्या बोटीला अशी गल्ली आखून देता येत नाही. सिडनीत उन्हाळ्याच्या दुपारी बहुधा ईशान्येचा वारा असतो आणि बंदराचं तोंडही त्याच अंगाला आहे. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुठलीच शिडाची बोट जात नाही. वाऱ्याला चाळीस-पंचेचाळीस अंशांचा कोन करून एका काठाकडे जायचं, तिथे दिशा पालटायची, मग दुसऱ्या काठाकडे. शंभर फुटी ‘मॅक्सी’ बोटीला बंदराची रुंदी कापायला मोजकीच मिनिटं लागतात, म्हणजे तिची वाट ही रेषा नसते, सगळी रुंदीच असते. म्हणून बंदीचा पट्टाही जवळजवळ काठापर्यंत पसरतो आणि बघ्यांच्या वाट्याला कडेच्या चिंचोळ्या पट्ट्या उरतात. वारा दक्षिणेचा असला तर याच बोटी मोठाली फुगीर शिडं लावून जवळपास सरळ निघून जातात. मग काठावरच्यांना वाटतं, एवढं पाणी अडवलं कशाला? पण नकाशा आधीच जाहीर करावा लागतो, आणि त्या दुपारी वारा कुठून येईल हे तेव्हा कुणी सांगू शकत नाही.

समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. मग वेगळी बंदी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की तो नियम दोन बोटी समोरासमोर आल्या तर काय करायचं ते सांगतो. इथे एका यॉटला वाट देणारा माणूस दुसरीच्या वाटेत शिरतो, तिला चुकवायला जातो तर तिसरी अंगावर येते. शिवाय यॉटला ब्रेक नसतो. पुढचं शीड खाली, पार डेकपर्यंत आलेलं असलं की सुकाणू धरणाऱ्याला पलीकडचं पाणी दिसतच नाही. म्हणून सुरुवातीच्या धामधुमीत एक जण थेट नाळेवर उभा असतो. रेषा किती दूर आहे, समोर कोण आडवं येतंय, हे तो बोटांच्या खुणांनी मागे कळवतो. तीस मीटर मागच्या माणसापर्यंत, शिडांच्या फडफडाटात आणि डोक्यावरच्या हेलिकॉप्टरच्या आवाजात, ओरडणं पोहोचत नाही. शिडाच्या त्या आडोशात एखादी कयाक असेल तर नाळेवरच्या माणसाला दिसली तरच ती वाचायची.

लाटांचंही तसंच. स्पीडबोटीवाल्याला आपण मागे काय सोडून आलो याची कल्पना नसते. वारा मंद असताना अशा दोन-चार लाटा यॉटला लागल्या की डोलकाठी हेलकावते, शिडातला वारा सांडतो आणि बोट जागच्या जागी खिळते. शेजारची तोवर पुढे गेलेली असते.

न्यू साउथ वेल्सच्या सागरी खात्याचे अधिकारी, जलपोलीस आणि स्वयंसेवक यांच्या गस्ती बोटी या पिवळ्या रेषेवर फिरत असतात. त्यांना शर्यत फारशी बघायला मिळत नाही, कारण काम सगळं रेषेच्या बाहेर असतं, आणि तोंडही तिकडेच करावं लागतं. वारीतल्या रिंगणात अश्व सुटण्याआधी चोपदार माणसांना मागे सारतात, तसं यांचं चालतं. हुज्जत फार नाही, पण एकेकाला मागे घ्यायचं आणि तो परत दोन हात पुढे सरकेल हे धरूनच चालायचं. मुद्दाम आत घुसणारे थोडे. जास्त ते, ज्यांनी इंजिन बंद केलंय, कॅमेरा डोळ्याला लावलाय आणि वारा-भरती आपल्याला बोयाच्या आत ढकलतेय हे ज्यांच्या गावीही नाही. त्यात नाताळचा दुसरा दिवस, म्हणजे शॅम्पेन हवीच. बोट चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचं प्रमाण ०.०५ च्या खाली हवं, हा मोटारीचा नियम तिथे पाण्यालाही लागू आहे.

बारा पन्नासला पहिला इशारा, बारा पंचावन्नला दुसरा, एकला तोफ. रेषाही एकच नसते. मोठ्या, वेगवान बोटींची रेषा पुढे, लहानांची मागे. पुढच्यांना कमी अंतर पडू नये म्हणून बंदराच्या तोंडाशी वळायच्या खुणाही वेगवेगळ्या ठेवतात. तोफेच्या क्षणभर आधी रेषा ओलांडली तर ती बोट परत वळून रेषेमागे येते आणि नव्याने सुटते. म्हणजे समोरून येणाऱ्या ताफ्यातून उलटी. रेषेच्या पुढचंच नव्हे तर मागचंही पाणी का अडवलेलं असतं, ते इथे कळतं.

जोखीम मात्र तोफेनंतर वाढते. तोवर बघे एका जागी असतात. पुढच्या बोटी निघाल्या की सगळ्यांना त्यांच्याबरोबर जायचं असतं, आणि कडेच्या त्या पट्ट्यांतून शेकडो इंजिनं एकदम सुरू होतात. सगळ्यांचं लक्ष आघाडीच्या दोन-तीन मॅक्सींवर असतं. मागच्या लहान बोटी, ज्यांवर बँकेत किंवा दवाखान्यात नोकरी करणारी हौशी माणसं असतात, त्या अजून बंदरातच असतात. त्यांच्यासाठी पट्टा राखून ठेवणं हे खरं कष्टाचं काम, कारण तोवर टीव्हीवाले आणि बघे दोघांच्याही लेखी सुरुवात संपलेली असते. हेड्सच्या बाहेर मोकळा समुद्र आहे. बंदरात मजेत डुलणाऱ्या उघड्या होडीला तिथली लांब लाट झेपत नाही, आणि पाठलागाच्या भरात तिथवर आलेल्यांना ते उशिरा कळतं.

पुढे अडीच-तीन तासांत, किंवा वारा चांगला असला तर त्याआधीच, ताफा नजरेआड होतो. १९९८ सालीही तो असाच, छान ईशान्येच्या वाऱ्यावर निघाला होता. दुसऱ्या दिवशी बासच्या सामुद्रधुनीत वादळाने त्याला गाठलं. निघालेल्या ११५ पैकी ४४ बोटी होबार्टला पोहोचल्या, ५५ जणांना समुद्रातून वाचवावं लागलं, सहा जण गेले. त्यानंतर नियम बदलले. आता सामुद्रधुनीच्या अलीकडे, ग्रीन केपजवळ येताच प्रत्येक बोटीला रेडिओवरून कळवावं लागतं, की बोट आणि माणसं दोन्ही धड आहेत आणि पुढे जायचा निर्णय आमचा आहे. पुढे शेकडो मैल पिवळा बोयाही नाही आणि गस्तही नाही.

बंदरच पूर्ण सुनं राहिलं ते २०२० साली. सिडनीत करोना पुन्हा पसरला आणि शर्यत इतिहासात पहिल्यांदाच रद्द झाली. त्याच वर्षीच्या बॉक्सिंग डे कसोटीत अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या, म्हणून आपल्याला तो डिसेंबर वेगळ्याच कारणाने लक्षात आहे.

बाहेरच्यांना बाहेर ठेवल्याने आतलं सगळं सुरळीत होतं, असंही नाही. २०१७ साली मोकळ्या ठेवलेल्या याच पाण्यात, सुरुवातीनंतर थोड्याच वेळात, ‘वाइल्ड ओट्स ११’ आणि ‘कोमांचे’ या दोन शंभर फुटी बोटींची टक्कर थोडक्यात हुकली. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या बोटीचा हक्क पहिला, असा शर्यतीचा नियम. तो हक्क कोमांचेचा होता. वाइल्ड ओट्सने तिच्या पुढ्यात दिशा पालटली आणि कोमांचेला वळून बाजूला व्हावं लागलं. जागच्या जागी दोन गिरक्या घेऊन चूक कबूल करता येते, पण वाइल्ड ओट्सचे कप्तान मार्क रिचर्ड्स यांनी तसं केलं नाही. कोमांचेचे जिम कूनी यांनी तक्रार नोंदवली आणि दोघेही होबार्टकडे सुसाट निघाले. वाइल्ड ओट्स १ दिवस ८ तास ४८ मिनिटं ५० सेकंदांत पहिली पोहोचली. साडेसव्वीस मिनिटांनी कोमांचे आली. निकाल पाहणाऱ्या पंचांनी वाइल्ड ओट्सच्या वेळेत एक तास वाढवला, आणि कोमांचेची १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंद ही वेळ विक्रम म्हणून नोंदली गेली.